पाकशाळा आणि पाठशाळा

आमच्या लहानपणची एक गोष्ट आम्हांस अद्याप विसरता आलेली नाही. आषाढाचे दिवस होते. आई तापाने अंथरुणास खिळली होती आणि वडील कामानिमित्त परगावी गेले होते. घरात तांदूळ होते, डाळ होती, सर्पण कोरडे होते आणि विहीर परसातच होती. वैद्यांनी आईस पेज देण्यास सांगितले होते. आम्ही तिघे भाऊ. त्यांतील थोरला मॅट्रिकच्या वर्गात, गणितात नेहमी पहिला. परंतु मूठभर तांदळास पाणी किती घालावे हे तिघांपैकी एकासही ठाऊक नव्हते. पहिली पेज करपली, दुसरी कच्ची राहिली, आणि तिसऱ्या खेपेस चूलच विझली. अखेर शेजारच्या काकू आल्या, त्यांनी चूल पेटविली आणि अर्ध्या घटकेत पेज आईच्या ओठांस लागली. "सोन्यासारखे तीन मुलगे, पण आईला घोटभर पेज मिळेना!" असे त्या सहज बोलून गेल्या. त्यांच्या बोलण्यात दंश नव्हता. पण तो आम्हांस त्या दिवशी लागला, आणि आजही लागतो.

मुलांस काय शिकवावे, या प्रश्नावर आपल्याकडे दीडशे वर्षे वाद चालला आहे. इंग्रजी केव्हा सुरू करावे, संस्कृत ठेवावे की काढावे, गणित किती असावे, धर्मशिक्षण द्यावे की न द्यावे, यांवर आपल्या विचारवंतांनी लेखणी पुष्कळ झिजविली. परंतु ज्या विद्येवाचून मनुष्याचा एक दिवसही निभत नाही, ती आपले अन्न ओळखण्याची, निवडण्याची आणि शिजविण्याची विद्या या वादांत क्वचितच डोकावते. ती घरात आपोआप येते, अशी एक समजूत आहे. आणि ती मुलींस आली म्हणजे पुरे, मुलांस तिचे कारण नाही, अशी दुसरी समजूत पहिलीच्या पाठीशी उभी आहे. या समजुती कोठून आल्या, त्यांना कोणी कोठे धक्का दिला आणि त्यांची किंमत कोणी मोजली, हे इतिहासाच्या साह्याने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाकविद्या ही केवळ स्त्रियांची विद्या, असे आपल्या परंपरेने मुळीच मानलेले नाही. आपल्या पुराणकथांतील दोन सर्वश्रेष्ठ स्वयंपाकी पुरुष आहेत. एक नळराजा, ज्याच्या नावावर ‘पाकदर्पण’ हा संस्कृत ग्रंथ चालतो. आणि दुसरा भीम, जो अज्ञातवासात बल्लव हे नाव घेऊन विराटाच्या पाकशाळेत राहिला. दमयंतीने बाहुकाचे रूप घेतलेल्या नळास ओळखले, ते त्याने शिजविलेल्या अन्नाच्या चवीवरूनही! कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे १७व्या शतकात तंजावरच्या मराठी राज्यात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. त्यात धान्ये, भाज्या, दूध, पाणी यांचे गुणदोष वैद्यकाच्या दृष्टीने सांगितले आहेत. म्हणजे अन्नाचा विचार हा राजाला आणि पंडिताला शोभणारा विचार आहे, याविषयी आमच्या पूर्वजांस शंका नव्हती.

तथापि या परंपरेत एक मोठी उणीव होती. जो लिहीत असे तो बहुधा रोजची चूल फुंकीत नसे, आणि जी रोज चूल फुंकीत असे तिला अक्षर येत नसे. नाचणी हाडांस बळ देते, बाळंतिणीला अळीव द्यावेत, कडधान्याला मोड आणले म्हणजे ते हलके होते, हे ज्ञान आजीकडून नातीकडे तोंडी चालत आले. आणि अन्नाच्या गुणदोषांचे शास्त्र पोथीच्या फडक्यात बांधलेले राहिले. दोन ओढे एकाच गावातून वाहत होते, पण त्यांचा संगम मात्र कधी झाला नाही.

घरातील शिक्षणाची पद्धती मात्र मोठी रम्य होती, हे मान्य केले पाहिजे. तिची पहिली इयत्ता म्हणजे भातुकली. तांब्या-पितळेची किंवा लाकडाची चिमुकली भांडी, बोटभर उंचीचे जाते, तळहाताएवढा पाटा-वरवंटा, आणि शिधा म्हणून चुरमुरे, गूळ, दाणे. या खेळात मूल वाढण्याचा क्रम शिकते, थोडक्यात सर्वांस पुरविण्याचा हिशेब शिकते, पाहुण्याचा मान शिकते. परंतु या खेळातही भूमिका ठरलेल्या असत. मुलगी चुलीशी बसे. मुलगा खेळात आलाच तर ‘कचेरीतून’ येई आणि पाटावर बसून ‘वाढा’ म्हणे. खरा स्वयंपाक शिकण्याचे वय येई तेव्हा तर त्याला माजघरातून सरळ ओटीवर पाठविण्यात येई. ज्या घरी सोवळ्याचे बंड कडक, तेथे शाळेतून आलेल्या मुलास चुलीजवळ फिरकण्याचीही मनाई असे. मोठेपणी तो लग्नकार्यातील आचाऱ्याच्या हातच्या जिलबीची तारीफ करी, आणि तो आचारीही पुरुषच आहे ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नसे.

छापखाना आला आणि या तोंडी विद्येस प्रथमच मराठी अक्षररूप मिळाले. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले, आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’. पहिल्याचा कर्ता पुरुष आणि दुसऱ्याची कर्ती स्त्री, हा पस्तीस वर्षांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. चुलीशी बसणारीच्या हाती आता लेखणीही आली होती. अशा पुस्तकांची गरज याच काळात का भासली असावी? आमच्या मते याचे कारण नोकरी हे होय. नवरा मुंबईस किंवा दूरच्या तालुक्यास बदलून गेला म्हणजे तरुण पत्नी त्याच्या मागोमाग बिऱ्हाड करी. तेथे सासू नाही, आई नाही, विचारावे कोणाला? आजीची जागा पुस्तकाने घेतली. परंतु पुस्तकास एक मर्यादा असते. तूप किती घ्यावे हे ते सांगते. पण ‘खमंग वास येईपर्यंत’ म्हणजे किती वेळ, हे नाकालाच शिकावे लागते.

यानंतर हा विषय शाळेच्या दारात आला, आणि तेथे तो वादाचा विषय झाला. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर आदी मंडळींच्या प्रयत्नाने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तेच पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले. मुलींस मुलांप्रमाणेच इंग्रजी, गणित, इतिहास शिकविला जाऊ लागताच टिळकांच्या ‘मराठा’ पत्रातून त्यावर टीका झाली. मुलींस पुढे संसार करावयाचा आहे, तेव्हा शाळेचे तास थोडे असावेत आणि शिक्षण गृहकृत्यांस उपयोगी पडणारे असावे, असा त्या टीकेचा रोख होता. पुढे १९१६ साली अण्णासाहेब कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा जपानमधील महिला विद्यापीठाचा नमुना त्यांच्यासमोर होता. मातृभाषेतून शिक्षण आणि अभ्यासक्रमात गृहव्यवस्था व आरोग्य यांस मानाचे स्थान, ही त्या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये होत.

अण्णासाहेबांचा हेतू थोर होता, याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. तरीही आज मागे वळून पाहता आम्हांस असे वाटते की, स्वयंपाक हा विषय आपल्या शिक्षणक्रमात ज्ञान म्हणून आला नाही, जकात म्हणून आला. मुलीने बीजगणित शिकण्याची परवानगी मागितली, आणि समाजाने ती देताना स्वयंपाकाची जकात वसूल केली. मुलाकडून अशी जकात कोणी मागितली नाही, म्हणून त्याला ती विद्याही मिळाली नाही. याचा परिणाम दोघांनाही भोवला. बुद्धिमान मुलींस हा विषय बंधनासारखा वाटू लागला आणि मुलांस तो हलका वाटू लागला. ज्या विषयाचा एकास कंटाळा आणि दुसऱ्यास तिरस्कार, तो कसा फोफावणार?

हीच कथा विलायतेतही घडली, ती आपल्यास बोधप्रद आहे. लंडनमध्ये १८७४ साली पाककलेच्या शिक्षिका तयार करणारी राष्ट्रीय शाळा निघाली आणि १८८२ पासून प्राथमिक शाळांतील मुलींस स्वयंपाक शिकविण्याबद्दल सरकारी अनुदान मिळू लागले. पुढे बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होण्यास आलेले पुष्कळ तरुण शरीराने नालायक ठरले; तेव्हा राज्यकर्ते दचकले. १९०४ साली एका सरकारी समितीने या शारीरिक ऱ्हासाची चौकशी केली. तिच्या शिफारसींत मुलींस स्वयंपाक शिकविण्याचा पुरस्कार होता आणि भुकेल्या मुलांस शाळेत अन्न देण्याचाही होता. १९०६ साली शाळेतील जेवणाचा कायदा झाला. परंतु पुष्कळांस पहिला उपाय अधिक आवडला, कारण तो स्वस्त होता. गरिबांच्या आया अडाणी आहेत, त्यांना लापशी करता येत नाही, म्हणून मुले खुरटतात, असे म्हटले की मजुरीच्या दराचा प्रश्नच उरत नाही!

या युक्तिवादास सडेतोड उत्तर मॉड पेंबर रीव्ह्‌ज या बाईंनी १९१३ साली दिले. लंडनच्या लॅम्बेथ भागातील मजुरांच्या कुटुंबांची घरोघर जाऊन काही वर्षे पाहणी केल्यावर त्यांनी आठवड्यास सुमारे एका पौंडावर चालणाऱ्या संसाराचे पुस्तक लिहिले. लापशी का होत नाही, याची कारणे त्यांनी तेथे मांडली. घरात एकच भांडे, तेही जुने आणि जळके. त्यात मासळीही शिजते आणि लापशीही. जळणास पैसे नाहीत. दूध आणि साखर परवडत नाही, आणि त्यांवाचून ती लापशी मुले तोंडात घेत नाहीत. आईला सर्व काही येते. तिच्यापाशी नाही ते साधन. हा धडा आपल्याकडील प्रत्येक आहारतज्ज्ञाने आपल्या टेबलावर लिहून ठेवावा. ज्ञान आणि शिधा ही जोडीची बैले आहेत. एकाच्याच मानेवर जू ठेवले तर गाडी पुढे सरकत नाही.

परंतु याच्या उलटही सत्य आहे. शिधा असून ज्ञान नसले तर काय होते, याचे एक दारुण उदाहरण पहिल्या महायुद्धात आपल्याच लोकांच्या वाट्यास आले. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात कूत येथे तुर्कांनी ज्या सैन्यास वेढा दिला, ती सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी संपली, आणि हिंदी शिपाई, ज्यास इंग्रजीत स्कर्व्ही म्हणतात त्या रोगाने, आजारी पडू लागले. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात, पायांत बळ राहत नाही, असा हा रोग आहे. पुढे लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी याच काळात प्रयोग करून दाखविले की, कोरड्या कडधान्यात या रोगावरचा गुण नाही; पण तेच कडधान्य भिजवून, ओलसर ठेवून, त्यास मोड आणले की तो गुण त्यात उत्पन्न होतो. ज्या पदार्थास विलायतेतील विदुषींनी औषध म्हणून सिद्ध केले, तो पदार्थ म्हणजे आमच्या आजीची मोड आलेल्या मुगाची उसळ! तिचा रिवाज त्या शिपायांच्या घरोघर असेल. पण त्या रिवाजाचे कारण कोणास ठाऊक नव्हते, आणि ज्या मुलग्यास चुलीपासून दूर ठेविले त्यास तो रिवाजही युद्धभूमीवर सोबत नेता आला नाही.

त्या वेळी अन्नशास्त्राचे एक नवे युग सुरू झाले होते. जावा बेटात आइकमन या डच वैद्याने १८९० नंतरच्या वर्षांत पाहिले होते की, शुभ्र सडलेल्या तांदळाच्या भातावर कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेल्या तांदळावर त्या पुन्हा चालू लागतात. आपल्या देशात निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांच्या टोळ्यांस हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार घातले. गव्हाची पोळी, डाळ, भाज्या, दूध आणि लोणी मिळालेले उंदीर धष्टपुष्ट झाले. गिरणीच्या तांदळावर आणि अल्प भाजीदुधावर ठेविलेले खुरटले. पुढे त्याच संस्थेतून डॉ. एक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात तीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तांदळाच्या कित्येक पट, हे आता आकड्यांनी सांगता येऊ लागले. तांदूळ सात पाण्यांनी चोळून धुणे आणि भात वेळून त्यावरचे पाणी ओतून देणे, या दोन्ही सवयींनी सत्त्व वाहून जाते, हेही कळले. पोथी आणि चूल यांचा जो संगम शतकानुशतके झाला नव्हता, तो आता होऊ शकत होता. प्रश्न एवढाच होता की, ही पुस्तिका मुलांच्या हातापर्यंत कोण नेणार?

या प्रश्नाची दोन उत्तरे महाराष्ट्राच्याच भूमीत दिली गेली, आणि ती दोन्ही मुलग्यांस धरून होती, हे विशेष आहे.

पहिले उत्तर सातारचे. १९२४ साली भाऊराव पाटील यांनी तेथे वसतिगृह काढले. १९२७ साली महात्माजींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. येथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे आपल्या हातांनी करीत. मुलांस अन्न कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रास परिचित आहे. ज्या समाजात कोणी शिजविले आणि कोणी शिवले यावरून पंक्ती मोडत होत्या, त्या समाजात एका पंगतीस बसून जेवणे हा आहारशास्त्राचा नव्हे, तर मनुष्यत्वाचा धडा होता. आमच्या मते अन्नशिक्षणाचा पहिला पाठ हाच होय. ज्यास दुसऱ्याच्या हातचे अन्न घेता येत नाही, त्यास पोषणमूल्यांचे कोष्टक पाठ असून काय उपयोग?

दुसरे उत्तर वर्धा-सेवाग्रामचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीम म्हणून ओळखली जाणारी योजना पुढे आली. हाताच्या कामातून ज्ञान, हे तिचे सूत्र होते. गंमत अशी की, त्या समितीच्या कागदी अभ्यासक्रमातही गृहशास्त्र हे वरच्या वर्गांतील मुलींसाठीच राखलेले होते. जुनी सवय थोरामोठ्यांसही सहजी सुटत नाही. परंतु सेवाग्राम येथील शाळेत आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याच्या देखरेखीखाली जे प्रत्यक्ष घडले ते कागदाच्या पुढे गेले. तेथे अनेक वर्षे राहिलेल्या मार्जरी साइक्स यांनी त्याची हकीकत लिहून ठेविली आहे. सामुदायिक स्वयंपाकघर हा तेथे शाळेचाच एक वर्ग होता. मुलेमुली मळ्यात भाजी पिकवीत, धान्य निवडीत, स्वयंपाक करीत, आणि ठरलेल्या खर्चात सकस जेवण कसे बसवावे याचा हिशेब मांडीत. जवळच मगनवाडीत कुमारप्पा यांच्या ग्रामोद्योग संघात हातसडीच्या तांदळाचे आणि गुळाचे प्रयोग चालू होते. गणिताचा त्रैराशिक, रसायनाचा आंबा-उकळा, भूगोलातील पिके आणि नागरिकाचा धर्म, हे सर्व एका चुलीभोवती गोळा झाले. ज्या दोन ओढ्यांविषयी आम्ही वर लिहिले, त्यांचा संगम काही काळ तरी सेवाग्रामात पाहावयास मिळाला.

स्वातंत्र्यानंतर मात्र हे पाणी पुन्हा वेगवेगळ्या पाटांनी वाहू लागले. नयी तालीम अनेक प्रांतांत नावापुरती राहिली. गृहविज्ञान हा महाविद्यालयीन विषय झाला. १९५० साली बडोद्यास हंसाबेन मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळात त्याची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. परंतु तेथेही वर्ग भरले ते बहुतांशी मुलींनीच. शाळेत मुलांस अन्न देण्याचे काम मात्र सरकारने हाती घेतले. १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय योजना सुरू झाली. प्रारंभी अनेक राज्ये कोरडे धान्यच देत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि आज गावोगाव शाळेत खिचडीचा वास येतो. ही या देशातील फार मोठी गोष्ट आहे. रीव्ह्‌ज बाईंनी मागितलेला शिधा येथे मिळाला. पण ज्ञान? मूल ताट घेऊन रांगेत उभे राहते, जेवते, ताट धुते आणि निघून जाते. त्या खिचडीत काय आहे, का आहे, हे त्यास कोणी सांगत नाही. आणि ती शिजविणारी बाई, जी अल्प मानधनावर राबते, तिला शाळेत कोणी ‘गुरुजी’ म्हणत नाही.

मुलांस चुलीजवळ नेणे धोक्याचे आहे, असे येथे कोणी म्हणेल. हा आक्षेप पोकळ नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम् येथील शाळेत स्वयंपाकघराच्या विस्तवाने छप्पर पेटले आणि ९४ बालके गेली. या घटनेचे स्मरण ठेवूनच बोलले पाहिजे: विस्तव, छप्पर आणि वाट यांची नीट व्यवस्था असल्यावाचून मुलांच्या जवळपास चूल पेटविणे हा गुन्हा आहे. परंतु दुसरी घटनाही विसरू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील एका खेड्यात शाळेचे जेवण जेवून २३ मुले मेली. तेलात कीटकनाशक मिसळले होते. तेलाचा वास निराळा येतो असे स्वयंपाकिणीने सांगितले होते, आणि चव बरी नाही असे मुलांनीही सांगितले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. नाकाने आणि जिभेने धोका ओळखला होता. पण त्या नाकाच्या आणि जिभेच्या साक्षीस मान नव्हता. अन्नाची विद्या ही क्षुद्र मानली की तिची साक्षही क्षुद्र ठरते, आणि मग तिची किंमत लेकरांस मोजावी लागते.

तेव्हा करावयाचे काय? मोठ्या योजना आखणे हे आमचे काम नव्हे. प्रत्येक सुशिक्षित घरात आजपासून करता येण्यासारखे मात्र बरेच आहे. पाचसहा वर्षांच्या मुलास शेंगा सोलू द्याव्या, तांदळातील खडे वेचू द्यावे; डोळा आणि बोट यांस याहून चांगली तालीम नाही. सातआठ वर्षांच्या मुलाकडे मूग भिजविण्याचे काम सोपवावे. तिसऱ्या दिवशी फडक्यातून बाहेर आलेला मोड पाहून त्याच्या मुद्रेवर जो आनंद उमटतो, तो कोणत्याही क्रमिक पुस्तकाने उमटत नाही, आणि स्वतः मोड आणलेली उसळ मूल ताटात टाकीत नाही. दहाबारा वर्षांच्या मुलास, वडील माणूस जवळ उभे असता, वरणभात, भाकरी, पालेभाजी करता आली पाहिजे; पालेभाजीवर लिंबू पिळले असता तिच्यातील लोह अंगी अधिक लागते, हेही तेव्हाच सांगावे. बाजारात नेऊन ताजी मेथी आणि शिळी मेथी यांतील भेद दाखवावा. पाकिटावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचावयास लावावीत. मुलाने केलेली पहिली भाकरी गोल होणार नाही. ती हसत खावी, नकाशाची उपमा देऊ नये. आणि हे सर्व मुलगा व मुलगी असा भेद न करता करावे.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एक चित्र छापले; त्यात आई आणि वडील दोघेही बसून भाजी निवडीत आहेत. त्या लहानशा चित्राची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. चर्चा व्हावी लागली, हीच खरी खेदाची गोष्ट आहे. नळ आणि भीम यांच्या देशात पुरुषाने मेथीची जुडी हाती घेणे हे नवल का ठरावे? चित्र छापले, ठीक झाले; आता ते चित्र घराघरांतील मुलांच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष दिसले पाहिजे, कारण मूल वाचून शिकते त्याहून पाहून अधिक शिकते.

असो. आम्ही आरंभी सांगितलेल्या गोष्टीचा शेवट सांगून थांबतो. आई बरी झाली, आणि बरे वाटताच तिने पहिले काम केले ते हे की, आम्हां तिघा भावांस चुलीपुढे ओळीने बसविले. एक मूठ कण्या, आठ वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, मंद विस्तव, आणि ढवळणारा हात थांबता कामा नये, असा तिने धडा दिला. आजीने दारातून पाहिले आणि ‘मुलग्यांना हे कशाला?’ असे विचारले. आईने उत्तर दिले नाही. तिने फक्त थोरल्याच्या हाती पळी दिली. पुढे पुष्कळ वर्षांनी आईचे अखेरचे आजारपण आले, तेव्हा तिला पेज करून पाजण्याचे काम आम्हां भावांकडेच होते. त्या दिवसांत ती फार बोलू शकत नसे. पण एके सकाळी पेजेचा घोट घेऊन तिने ‘मीठ बरोबर आहे’ एवढे म्हटले. आजवर आम्ही परीक्षा पुष्कळ दिल्या, प्रशस्तिपत्रेही मिळविली. परंतु त्या तीन शब्दांच्या तोडीचे प्रशस्तिपत्र आम्हांस कोणत्याही पाठशाळेने दिलेले नाही.